रसायनशाळेंतील पहिलें वर्ष

मृगाच्या सरी कोसळूं लागल्या आणि कुंडलिकेचें गढूळ पाणी कांठांस भिडूं लागलें, म्हणजे रोह्यांतील कित्येक घरांत एक नवी धांदल सुरू होते. मुलगा किंवा मुलगी विज्ञानशाखेंत दाखल झालेली असते. कोणी गांवांतच शिकतो, कोणी पहांटेची गाडी धरून पेण-पनवेलकडे जातो, कोणी अलिबागेस नातलगांच्या घरीं राहतो. नव्या वह्या-पुस्तकांबरोबर एक पांढरा एप्रनही घरांत येतो, आणि त्याचें कौतुक इतर सर्व वस्तूंहून अधिक होतें. आजी विचारते, 'हा काय दवाखान्यांत घालावयाचा?' नात सांगते, 'नाहीं आजी, रसायनशाळेंत.' आजीचें पुरतें समाधान होत नाहीं. पण एप्रन इस्त्री होऊन खुंटीवर टांगला जातो.

रोह्याच्या मुलांची आणि रसायनशास्त्राची ओळख मात्र त्या दिवशीं प्रथम होते असें नाहीं. गांवालगतच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. तेथें रंग, रंगद्रव्यें, कीटकनाशकें, औषधांस लागणारे कच्चे पदार्थ तयार होतात. तालुक्याच्या दुसऱ्या बाजूस नागोठण्याचा कारखाना समुद्रांतून निघालेल्या वायूपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल करतो. अलिबागजवळ थळ येथें १९८५ च्या सुमारापासून अमोनिया आणि युरिया यांचा मोठा कारखाना चालू आहे. ह्या पट्ट्यांतील पुष्कळ घरांचा चरितार्थ रसायनांवर चालतो. वडील पाळीवरून परत आले म्हणजे कपड्यांस येणारा वास, वारा फिरला म्हणजे माळ्यावर ठेवलेल्या अंथरुणांतही शिरणारा दर्प, हे मुलांस लहानपणापासून ठाऊक असतात. पुस्तकांतील पहिला धडा वाचण्यापूर्वींच रसायन त्यांच्या नाकांत येऊन बसलेलें असतें. मात्र ज्या पदार्थानें घर चालतें, त्या पदार्थाशीं समोरासमोर बसून, त्यास मोजून, त्याचा स्वभाव विचारून घेण्याची संधि त्यांस प्रथम मिळते ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत.

तो पहिला दिवस बहुधा निराशेचा असतो. चित्रपटांतून पाहिलेले निळे-हिरवे धूर कोठेंच नसतात. लांबलचक टेबलें, त्यांवर आम्लांनीं पडलेले जुने डाग, मधोमध नळ, फडताळांत ओळीनें मांडलेल्या बाटल्या, आणि भिंतीवर सूचनांचा तक्ता. शिक्षक प्रथम सांगतात तें सर्व निषेधाचें. चव घेऊं नका. बाटलींत नाक घालूं नका, वास घ्यावयाचा तर हातानें वारा आपल्याकडे ओढून घ्या. पिपेट तोंडानें ओढूं नका, रबरी फुगा वापरा. तीव्र आम्ल पाण्यांत हळूहळू घाला, पाणी आम्लांत कदापि घालूं नका. ह्या शेवटच्या नियमाचें कारण विचारणारा विद्यार्थी विरळा. आणि तें कारण मोठें शिकविणारें आहे. गंधकाम्ल व पाणी यांच्या मीलनांत फार उष्णता निर्माण होते. आम्ल जड असल्यामुळें तें पाण्यांत खालीं जातें आणि उष्णता साऱ्या पाण्यांत वांटली जाते. उलट, आम्लावर थोडें पाणी पडलें तर तें वरच्या वर उकळतें आणि आम्लाचे शिंतोडे तोंडावर घेऊन येतें. चंचुपात्रांत जें घडतें तेंच कारखान्यांतील हजारों लिटरांच्या टाकींत घडतें. फरक आकड्यांचा असतो.

मग ब्यूरेट हातीं येते. एक लांब, खुणा केलेली कांचेची नळी, खालीं तोटी. अशा नळीनें माणसास विनय शिकविला आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. प्रयोग दिसावयास अगदीं सोपा. पिपेटनें दहा मिलिलिटर आम्ल मोजून शंकूच्या आकाराच्या पात्रांत घ्यावयाचें, फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकावयाचे, आणि वरून ब्यूरेटमधून कॉस्टिक सोड्याचें द्रावण सोडीत जावयाचें. आम्ल संपेपर्यंत द्रव रंगहीन राहतो. आम्ल संपून अल्काचा एखादा थेंब अधिक झाला कीं फिकट गुलाबी छटा उमटते. ती अर्धा मिनिट टिकली कीं थांबावयाचें आणि नळीवरचा आकडा वाचावयाचा. इतकेंच.

परंतु ह्या 'इतकेंच' मध्यें दहा ठिकाणीं पाय घसरतो. ब्यूरेट ज्या द्रावणानें भरावयाची त्याच द्रावणानें ती आधीं विसळून घ्यावी लागते, नाहीं तर आंत राहिलेल्या पाण्यानें तें पातळ होतें. खालचें पात्र मात्र केवळ पाण्यानें धुवावयाचें. विद्यार्थ्यास हा पंक्तिभेद विचित्र वाटतो. थोडा विचार केल्यावर उमगतें कीं पात्रांत आम्लाचें जें माप घातलें तें पाण्याच्या चार थेंबांनीं कमी-जास्त होत नाहीं. आम्लानें विसळलें तर मात्र होतें. पिपेटच्या टोकाशीं राहिलेला शेवटचा थेंब फुंकून पाडावयाचा नसतो. तो तेथें राहणार असें गृहीत धरूनच माप आंखलेलें असतें. द्रवाचा पृष्ठभाग नळींत वाटीसारखा खोलगट दिसतो, त्याच्या तळाशीं डोळा समपातळींत आणून वाचावें लागतें. उंच विद्यार्थी वरून पाहतो व ठेंगणा खालून, आणि दोघांस दोन निरनिराळे आकडे मिळतात. त्यांत ती गुलाबी छटा हवेंतील कार्बन डायॉक्साइड शोषून हळूहळू पुन्हां नाहींशी होते. तेव्हां जो फार वेळ पाहत राहतो त्यास वाटतें कीं प्रयोग अपुराच राहिला, आणि तो आणखी थेंब सोडतो.

आतां एखाद्या विद्यार्थिनीचें उदाहरण घ्या. तिचा पहिला आकडा १०.१ आला. शेजारच्या टेबलावर ९.८ आला आहे. मागच्या वर्षीच्या वहींत, जी पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरत असते, तेथेंही ९.८ च लिहिलेला आहे. पेन्सिल हातांत आहे, खोडरबर जवळ आहे, आणि शिक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकास आहेत. १०.१ चा ९.८ करावयास दोन पळें पुरतात. मग दुसऱ्या व तिसऱ्या वेळच्या आकड्यांसाठीं प्रयोग करण्याचीही गरज उरत नाहीं, ९.८, ९.८, ९.८ असें लिहून सरळ रेघ मारतां येते. शिक्षक सही करतात. महाराष्ट्रांतील किती वह्या अशा तयार होत असतील ह्याची मोजदाद कोणी केलेली नाहीं. परंतु ज्यानें विज्ञानशाखेंत एक वर्ष काढलें आहे त्यास हें चित्र अपरिचित वाटणार नाहीं.

ह्यांत एकट्या मुलांस दोष देणें अन्यायाचें होईल. बारावीच्या परीक्षेंत रसायनशास्त्रास लेखी सत्तर गुण व प्रात्यक्षिकास तीस. त्या तिसांत अठ्ठावीस-एकोणतीस मिळणें हा जणूं हक्क समजला जातो. पुढें अभियांत्रिकी किंवा वैद्यकीस प्रवेश मिळतो तो प्रवेशपरीक्षांवर, आणि त्या परीक्षांत ब्यूरेटला स्थानच नाहीं. तेथें चार उत्तरांतून एकावर खूण करावयाची. सुज्ञ पालकही मग हिशेब मांडतात कीं प्रयोगशाळेंत तीन तास उभें राहण्यापेक्षां तेवढ्या वेळांत शिकवणीच्या वर्गांत साठ प्रश्न सुटतील. हिशेब चूक नाहीं. फक्त तो गुणांचा हिशेब आहे, शिक्षणाचा नव्हे. जेथें खूण करावयाच्या चार उत्तरांपैकीं एक खात्रीनें बरोबर असतें, तेथें विद्यार्थ्यास अशी संवय लागते कीं बरोबर उत्तर कोठें तरी आधींच छापलेलें आहे. ब्यूरेटवर तें छापलेलें नसतें.

रोह्याच्याच एका विद्यार्थ्याची हकीकत येथें आठवण्यासारखी आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं महाड तालुक्यांतील नाते येथें झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते, आणि चिंतामणरावांचें बालपण रोह्यास गेलें. १९१२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेंत ते पहिले आले आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. असा संस्कृतज्ञ विद्यार्थी पुढें काव्य-व्याकरणांत रमेल असें कोणासही वाटलें असतें. पण १९१५ मध्यें ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत गेले आणि निसर्गविज्ञानाच्या ट्रायपॉस परीक्षेस बसले. विषय घेतले तीन : वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र. तिन्हीं विषय हातानें करून पाहण्याचे. त्या परीक्षेंत लेखी उत्तरांबरोबर प्रयोगही करून दाखवावे लागत. पहिलें महायुद्ध पेटलेलें होतें, तरुण मंडळी रणांगणावर गेल्यामुळें विद्यापीठ ओस पडलें होतें. अशा वेळीं हा कोंकणांतील मुलगा तेथें विज्ञानाचे पाठ गिरवीत होता. १९१७ मध्यें तो ट्रायपॉस उत्तीर्ण झाला आणि वनस्पतिशास्त्रांतील फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यास मिळालें. दुसऱ्याच वर्षीं, १९१८ मध्यें, आय. सी. एस. परीक्षेंत तो पहिला आला.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९४३ मध्यें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० पासून १९५६ पर्यंत देशाचे अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनीं मंत्रिपद सोडलें, त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत त्या पदावर राहिले. देशांतील विद्यापीठांस इमारती, ग्रंथालयें व प्रयोगशाळा यांसाठीं पैसा कसा द्यावयाचा हें ठरविणारें तें मंडळ. प्रयोगशाळेंत आयुष्य न घालविलेल्या मनुष्यास तेथील दोन वर्षांचा काय उपयोग झाला, असा प्रश्न कोणी विचारील. एवढें तरी खरें कीं ज्या मनुष्याच्या सहीनें पुढें देशाच्या चलनी नोटा निघाल्या, त्याच्या शिक्षणांत आकडा पाहून मग लिहिण्याचे ते दिवस होते. आणि ते त्यानें आपण होऊन निवडले होते.

प्रयोगशाळेच्या टेबलाची खरी किंमत मात्र जिला दारांतच अडविलें तिला अधिक कळली असेल. मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. परीक्षा १९३३ मध्यें रसायनशास्त्र घेऊन उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत अर्ज केला. वडील आणि चुलते दोघेही त्याच संस्थेंत शिकलेले रसायनज्ञ. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं केवळ ती स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहींत. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अपमानकारक अटीवर त्यांस आंत घेण्यांत आलें, आणि त्यांचें काम पाहून ती अट पुढें राहिली नाहीं. १९३९ मध्यें त्यांनीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली; लग्नानंतर त्या कमला सोहोनी ह्या नांवानें ओळखल्या गेल्या आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या प्रमुखही झाल्या. रोह्याच्या प्रयोगवर्गांत आज मुली मुलांच्या बरोबरीनें उभ्या असतात, आणि कोणास त्यांत नवल वाटत नाहीं.

ब्यूरेटनंतर क्षार ओळखण्याचे प्रयोग येतात, आणि ह्या भागांतील मुलांस त्यांत आपलाच मुलूख भेटतो. शिक्षक कागदाच्या पुडींत पांढरी भुकटी देतात : ओळखा. प्लॅटिनमची तार भुकटींत बुडवून ज्योतींत धरली तर कॅल्शियम विटेसारखा तांबडा रंग देतो, बेरियम पोपटी, पोटॅशियम फिकट जांभळा, सोडियम झगझगीत पिवळा. हा पिवळा रंग मोठा दांडगा. तो इतर सर्वांस झांकून टाकतो. घामेजलेल्या बोटांनीं तार धरली, तर बोटाच्या मिठानेंच ज्योत पिवळी होते, आणि विद्यार्थी पुडींत नसलेला सोडियम आत्मविश्वासानें वहींत लिहून ठेवतो.

त्यानंतर द्रावणांत एकामागून एक द्रव्यें घालून धातूंचे गट वेगळे पाडावयाचे. एक गट साक्याच्या रूपानें तळाशीं बसतो, तो गाळून बाजूस काढावयाचा. उरलेल्या द्रवांत दुसरें द्रव्य, म्हणजे दुसरा गट बसतो. मुलांस हें अवडंबर वाटतें. पण पेणच्या खाडीकांठीं मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या दुसरें काय होत आलें आहे? भरतीचें पाणी कोंडून उन्हानें आटवीत गेलें म्हणजे त्यांतील सगळे क्षार एकदम खालीं बसत नाहींत. प्रथम चुन्याचा सल्फेट, म्हणजे जिप्सम, बसूं लागतो. पाणी आणखी दाट होऊन साधारण पंचवीस अंश बोमेच्या घरांत आलें कीं खाण्याचें मीठ धरूं लागतें. तें उतरल्यावर मॅग्नेशियमचे क्षार असलेलें कडवट पाणी उरतें; तें वेळींच काढून दिलें नाहीं तर मीठ कडू होतें आणि पावसाळ्यांत पाझरतें. एका खाचरांतून दुसऱ्या खाचरांत पाणी केव्हां सोडावयाचें हें आगरी मनुष्य पाण्याच्या रंगावरून, स्पर्शावरून जाणतो. वर्गांतील एखाद्या मुलाचा आजा त्याच कामावर असेल, आणि त्यास आपला नातू कांहीं अपूर्व शिकतो आहे असें वाटत असेल.

जें जिप्सम मिठागरांत टाकाऊ, तेंच पेणच्या गणपतींत पूज्य होतें, ही आणखी एक गंमत. जिप्सम सुमारें दीडशें अंशांपर्यंत तापविलें म्हणजे त्यांतील पाण्याचा तीनचतुर्थांश भाग निघून जातो व प्लॅस्टर ऑफ पॅरिस तयार होतें. त्यांत पाणी कालविलें कीं गेलेलें पाणी तें परत घेतें आणि साच्यांत दगडासारखें घट्ट बसतें. शाडूची मूर्ति पाण्यांत भिजून विरघळल्यासारखी सुटते. प्लॅस्टरची सुटत नाहीं. कारण साधें आहे : एक लिटर पाण्यांत ह्या क्षाराचे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतात. कांहीं किलो वजनाच्या मूर्तीस किती पाणी लागेल ह्याचें गणित अकरावीचा विद्यार्थी करूं शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें ह्यावर जो उपाय सुचविला व २०१६ च्या सुमारास पुणेकरांनीं मोठ्या प्रमाणावर वापरला, तोही प्रयोगवर्गाच्या फडताळांतलाच आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणांत मूर्ति ठेवली कीं कॅल्शियम कार्बोनेटचा साका खालीं बसतो, आणि वर अमोनियम सल्फेटचें पाणी राहतें. तें झाडांस खत म्हणून घालतां येतें. पुडींतील क्षार ओळखतांना अदलाबदलीचीं जीं समीकरणें पाठ करावीं लागतात, त्यांतलेंच हें एक.

प्रयोगवर्गांत आणखी एका गोष्टीचा परिचय होतो तो सडक्या अंड्यांच्या वासानें. हायड्रोजन सल्फाइड हा वायु धातूंचे गट पाडण्यास लागतो. लोखंडाच्या सल्फाइडवर सौम्य आम्ल सोडून तो किपच्या उपकरणांत तयार करतात, आणि मग सारी इमारत नाक मुरडते. ह्या वासाची थट्टा होते ती होवो. पण त्याबरोबर एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्यास सांगितली पाहिजे, आणि रोह्यासारख्या ठिकाणीं तर दोनदां सांगितली पाहिजे : हा वायु विषारी आहे आणि त्याचें प्रमाण वाढलें म्हणजे नाक बधिर होऊन वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असें समजून टाकींत किंवा गटारांत उतरलेलीं माणसें, आणि त्यांस काढावयास पाठोपाठ उतरलेले त्यांचे सोबती, प्राणांस मुकल्याच्या वार्ता देशांत वारंवार येतात. स्वतःच्या इंद्रियावर किती विश्वास ठेवावयाचा आणि मोजमापाकडे केव्हां वळावयाचें, हें ह्या एका वायूवरून जितकें कळतें तितकें दहा व्याख्यानांनीं कळत नाहीं.

आतां ब्यूरेटकडे पुन्हां वळण्याचें कारण कुंडलिका नदी. भिऱ्याचें वीजगृह चालविल्यावर सुटणारें पाणी ह्या नदीस मिळतें, म्हणून इतर कोंकणी नद्या चैत्र-वैशाखांत आटल्या तरी ही वाहत असते. तिच्याच जवळ धाटावची वसाहत, आणि पुढें रेवदंड्याजवळ ती समुद्रास मिळते. कारखान्यांचें सांडपाणी नदीनाल्यांत सोडावयाचें तर तें शुद्ध करून सोडलें पाहिजे असा १९७४ पासून कायदा आहे, आणि तें किती शुद्ध झालें ह्याच्या मर्यादा आंकड्यांत ठरविलेल्या आहेत. त्यांपैकीं एक अशी : पाण्यांतील घाण खातांना सूक्ष्म जीव तीन दिवसांत, सत्तावीस अंश उष्णतेवर, दर लिटरमागें किती ऑक्सिजन संपवितात तें पाहावयाचें, नदीसारख्या पाण्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठीं तो आंकडा तीस मिलिग्रॅमपेक्षां अधिक असूं नये.

हा ऑक्सिजन कसा मोजतात? त्याची मूळ पद्धत विंकलर ह्या हंगेरियन रसायनज्ञानें १८८८ मध्यें दिली, आणि तिच्या अखेरीस आहे ती ब्यूरेटच. बाटली पाण्यानें कांठोकांठ भरून तींत मँगनीज सल्फेट आणि अल्कयुक्त आयोडाइड घालावयाचें. पाण्यांत ऑक्सिजन असला तर तपकिरी साका होतो. मुळींच नसला तर साका पांढरा राहतो. त्या पांढऱ्या साक्याकडे पाहून मासे कां मेले हें सांगण्यास दुसऱ्या पंचाची गरज पडत नाहीं. पुढें आम्ल घातलें कीं ऑक्सिजनच्या प्रमाणांत आयोडीन मोकळा होतो. त्यांत स्टार्च घालून वरून थायोसल्फेटचें द्रावण थेंबाथेंबानें सोडावयाचें. गर्द निळा रंग एका थेंबासरशीं नाहींसा होतो, आणि त्या क्षणाचा आकडा लिहावयाचा. स्वच्छ पाण्यांत सत्तावीस अंशांवर दर लिटरमागें सुमारें आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. आतां वीजेवर चालणारीं मापकयंत्रेंही आहेत. तरी यंत्र बरोबर दाखवितें कीं नाहीं हें ह्या जुन्या पद्धतीनें ताडून पाहतां येतें.

धाटावच्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांतून आणि सांडपाण्याच्या केंद्रावर ही ब्यूरेट जे तरुण हातीं धरतात, त्यांतील कित्येक ह्याच भागांत शिकलेले असतात. रात्रपाळीस उभ्या असलेल्या अशा तरुणापुढें आकडा येतो बेचाळीसचा, आणि असावयास हवा असतो तिसाच्या आंत. त्याच्या शेजारींही जुनी वही असते. त्या वहींत रोज अठ्ठावीस, सत्तावीस, अठ्ठावीस असे आकडे असतात. पेन्सिलही असते. त्या वेळीं त्याचा हात कोणत्या दिशेस वळेल, हें कांहीं त्या रात्रीं ठरत नाहीं.

म्हणून १०.१ वर अडलेल्या त्या विद्यार्थिनीकडे परत जावें. समजा, तिनें खोडरबर उचललें नाहीं, १०.१ तसाच लिहिला, आणि शिक्षकांस हांक मारली. चांगले शिक्षक अशा वेळीं 'चुकलें' असें म्हणत नाहींत. ब्यूरेटच्या तोटीखालीं बोट ठेवून नुसतें 'इकडे पाहा' म्हणतात. नळीच्या टोकांत द्रव भरण्यापूर्वीं हवेचा एक बुडबुडा अडकून राहिला होता, आणि प्रयोग चालू असतांना तो निसटला. जेवढी जागा त्यानें अडविली होती तेवढें द्रावण पात्रांत न पडतांच खर्चीं पडलें : शून्य दशांश तीन. तिचा आकडा पाहण्यांत खोटा नव्हता. त्याची गोष्ट निराळी होती, इतकेंच. वहींत १०.१ वर आडवी रेघ जाते, पण तो वाचतां येईल अशी. समासांत 'तोटींत बुडबुडा' असें लिहिलें जातें. खोडण्याचा हा रिवाज चांगल्या प्रयोगशाळांत सर्वत्र आहे, आणि तो मुलांस पहिल्या महिन्यांतच शिकविला पाहिजे.

पांच वाजत आलेले असतात. बाहेर पाऊस धरलेला असतो, पेणकडची गाडी गांठावयाची असते, आणि बरोबरीच्या मैत्रिणी एप्रन घडी करून दारांत वाट पाहत असतात. विद्यार्थिनी तोटी पूर्ण उघडून द्रावणाची एक जोराची धार सोडते, बुडबुडा नाहीं हें डोळा खालीं नेऊन पाहते, वरचें नरसाळें काढून ठेवते, आणि ब्यूरेट पुन्हां शून्याच्या खुणेपर्यंत भरते.